तळ्याच्या धक्क्यावरील पाटी

सातारचे अप्पासाहेब महाराज यांनीं 1842 सालीं महाबळेश्वरच्या पठारावर वेण्णा तळें बांधविलें, तेव्हां या तळ्यावर पुढेंमागें मुंबई-पुण्याचीं कुटुंबें केवळ हौसेखातर होड्या फिरवतील, ही कल्पना क्वचितच कोणाच्या मनांत आली असेल. महाराष्ट्रांत नाव ही शतकानुशतकें पोटापाण्याची वस्तु होती. कोळ्याची मासेमारी, खारव्याचा व्यापार, तरीवाल्याचा नदीपार उतारू नेण्याचा धंदा, यांपलीकडे सामान्य माणसाचा तिच्याशीं संबंध येत नसे. आणि जो नाव हांकीत असे त्याचें पाण्याशीं पिढीजात नातें असे. हौसेचा नौकाविहार हा त्या मानानें अगदीं अलीकडचा. त्यांत पुष्कळदां वल्हीं हातीं धरणारा नवखा असतो, बसणारे त्याहूनही नवखे असतात, आणि हवा प्रसन्न व किनारा दृष्टीच्या टप्प्यांत असल्यामुळें भीति कोणालाच वाटत नसते.

अशा कोणत्याही तळ्याच्या धक्क्यावर सहसा एक पाटी टांगलेली आढळते. तिच्यावर चार-पांच ओळी असतात. ठरलेल्या संख्येपेक्षां अधिक माणसें होडींत घेऊं नयेत. जाकीट घातल्यावांचून बसूं नये. होडी चालूं असतांना उभें राहूं नये. समोरून दुसरी होडी आल्यास आपल्या उजव्या हातास वळावें. यंत्राची नाव बेताच्या वेगानें न्यावी. पाटी वाचण्यासाठीं थांबणारा माणूस विरळा. आणि जो वाचतो त्याला त्या ओळी कोणा अतिसावध कारकुनानें लिहिल्यासारख्या वाटतात. वस्तुतः त्यांतील एकही ओळ कारकुनाच्या टेबलावर जन्मलेली नाहीं. प्रत्येक ओळीच्या मागें बुडालेलीं जहाजें आहेत, मेलेलीं माणसें आहेत, आणि तो नियम होऊं नये म्हणून झगडलेली मंडळीही आहेत. हा इतिहास समजला म्हणजे पाटीकडे पाहण्याची दृष्टि पालटते.

पहिली ओळ संख्येची, म्हणजे भाराची. नाव तरंगते ती स्वतःच्या व आंतील भाराच्या वजनाइतकें पाणी बाजूला सारून. भार जसजसा वाढतो तसतशी ती खालीं बसत जाते, आणि पाण्याच्या वर उरलेली तिची फळी तोकडी होत जाते. ही उरलेली फळी हीच नावेची खरी शिल्लक. पाणी संथ आहे तोंवर चार बोटें फळी उरली तरी नाव चालते, आणि म्हणूनच भार घालणाऱ्यास धोका दिसत नाहीं. एखादी लाट आली, कोणी एका बाजूस झुकलें, कीं ती चार बोटें क्षणांत संपतात व पाणी आंत शिरूं लागतें. आंत शिरलेलें पाणी पुन्हा भारच वाढवितें. याप्रमाणें पहिल्या घागरीनें दुसरीला वाट करून द्यावी, आणि दुसरीनें दहाव्या घागरीला, असा प्रकार होतो.

ही गोष्ट जुन्या दर्यावर्दी लोकांना ठाऊक होती. मध्ययुगांत व्हेनिसच्या जहाजांवर भाराची मर्यादा दाखविणारी क्रूसाची खूण असे. परंतु पुढें व्यापार वाढला, विम्याची सोय झाली, आणि जहाज बुडालें तरी मालकाचें नुकसान होईलच असें राहिलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधून कांहीं जुनाट जहाजें बेसुमार भरून समुद्रावर धाडलीं जात. खलाशी त्यांना तरंगत्या शवपेट्या म्हणत. करारावर सही केलेल्या खलाशानें अशा जहाजावर चढण्याचें नाकारलें, तर त्याला तुरुंगाची वाट धरावी लागे. या अन्यायाविरुद्ध उभा राहिला तो कोणी दर्यावर्दी नव्हता, कोळशाचा एक व्यापारी होता. सॅम्युएल प्लिमसॉल हें त्याचें नांव. 1868 सालीं तो डर्बी शहरातर्फे पार्लमेंटांत निवडून आला, 1873 सालीं त्यानें खलाशांच्या हालांवर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि 1875 च्या जुलै महिन्यांत सरकारनें यासंबंधींचें बिल बाजूस ठेवतांच भर सभागृहांत त्याचा तोल सुटला. जहाजमालक सभासदांस त्यानें कठोर शब्दांत फटकारलें. त्याबद्दल त्याला पुढें माफी मागावी लागली. परंतु लोकमत खवळलें तें खवळलेंच, आणि दुसऱ्या वर्षीं, 1876 सालीं, प्रत्येक जहाजाच्या कुशीवर भाररेषा काढण्याचा कायदा झाला.

या कायद्यांतील मौज अशी कीं, रेषा काढणें सक्तीचें झालें, पण ती कोठें काढावयाची हें मालकाच्या मर्जीवर राहिलें. एका कप्तानानें ती आपल्या आगबोटीच्या धुराड्यावर रंगविली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, रेषेची जागा सरकारी नियमानें ठरविण्यास 1890 साल उजाडावें लागलें. आणि सर्व राष्ट्रांनीं मिळून एक मर्यादा मान्य करण्यास 1930 साल. तळ्यावरच्या होडींत किती माणसें बसावींत हा आंकडा त्या रेषेचाच धाकटा भाऊ आहे. तो होडींत बसणाऱ्यांनीं आपसांत ठरवावयाचा नसतो, कारण बसणाऱ्यांना नेहमींच आणखी एकाला जागा आहे असें वाटतें. अमेरिकेंत 1972 पासून लहान होड्यांवर माणसांची संख्या व एकूण वजन दाखविणारी पट्टी कारखान्यांतच बसवून देण्याचा दंडक सुरू झाला, तो याच कारणासाठीं.

दुसरी ओळ जाकिटाची. बूच पाण्यावर तरंगतें हें ज्ञान फार जुनें. पण खलाशाला वल्हीं मारतांना अडचण होणार नाहीं असें बुचाचें जाकीट तयार केलें तें 1854 सालीं कप्तान वॉर्ड यानें. इंग्लंडांतील जीवरक्षक नौकासंस्थेचा तो निरीक्षक होता. नव्या वस्तूला जसा सर्वत्र विरोध होतो तसा या जाकिटालाही झाला. जाकीट घालणें म्हणजे भित्रेपणा, असा समज धाडसी माणसांत असतो. हा समज किती महाग पडतो याचा पडताळा 9 फेब्रुवारी 1861 रोजीं व्हिट्बी बंदरांत आला. त्या दिवशीं तेथें भयंकर वादळ होतें. जीवरक्षक नौकेनें पांच वेळां समुद्रांत जाऊन पांच जहाजांवरील माणसें सोडविलीं. सहाव्या वेळीं दोन लाटांच्या कैचींत सांपडून ती किनाऱ्याच्या डोळ्यांदेखत उलटली. तिच्यावरील 13 जणांपैकीं 12 बुडाले. एक वांचला, त्याचें नांव हेन्री फ्रीमन. नव्या धर्तीचें बुचाचें जाकीट घातलेला तो एकटाच होता. हाच फ्रीमन पुढें त्या बंदराच्या नौकेचा तांडेल झाला, आणि पुढच्या चाळीस वर्षांत शेंकडों लोकांचे प्राण वांचविण्यांत त्याचा हात लागला. एका जाकिटानें एकच माणूस वांचविला असें म्हणणें म्हणूनच चुकीचें ठरेल.

परंतु जाकीट आहे एवढ्यानें भागत नाहीं. तें शाबूत आहे काय, हाही प्रश्न आहे. 15 जून 1904 रोजीं न्यूयॉर्क शहरांत जनरल स्लोकम नांवाची आगबोट एका चर्चच्या मंडळींना सहलीस घेऊन निघाली. 1,300 हून अधिक माणसें तीवर होतीं, आणि त्यांत बहुतेक बायका व मुलें. वाटेंत आगबोटीला आग लागली. पाण्याचे नळ उघडले तों ते जुने, कुजलेले. पाण्याच्या जोरानें फुटून गेले. जाकिटें ओढून काढलीं तों त्यांचें कापड फाटून आंतला बुचाचा भुगा अंगावर सांडला. हीं जाकिटें 1891 सालापासून ऊन-पावसांत लटकत होतीं. आयांनीं तीं मुलांना बांधून मुलें पाण्यांत सोडलीं, आणि तीं तरंगण्याऐवजीं बुडालीं. त्या दिवशीं 1,021 माणसें मेलीं. याहून मन सुन्न करणारी बाब ही कीं, सरकारी निरीक्षकानें एकच महिना अगोदर या आगबोटीची तपासणी करून ती निर्दोष असल्याचा दाखला दिला होता. पुढील चौकशींत असेंही उघड झालें कीं, जाकिटाचें कायदेशीर वजन भरावें म्हणून त्या काळीं कांहीं बुचांच्या आंत लोखंडाचे तुकडे घातले जात. नियम वजनाचा होता. वजन भरलें गेलें. नियमाचा हेतु माणूस तरंगावा हा होता. तो मात्र बुडाला.

बुचाच्या जागीं पुढें कपोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस आला. तो हलका व पाणी न पिणारा म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापासून जाकिटांत भरूं लागले. नंतर हवेनें फुगणारीं व फेसाच्या कृत्रिम पदार्थाचीं जाकिटें आलीं. साधनें बदललीं, पण त्यांच्या उपयोगाची एक अट बदलली नाहीं. जाकीट अंगावर पाहिजे. होडीच्या तळाशीं रचून ठेवलेलें जाकीट होडी उलटल्यावर हातीं लागत नाहीं, आणि लागलें तरी पाण्यांत गटांगळ्या खातांना त्याचे बंद बांधतां येत नाहींत. चांगलें पोहतां येणाऱ्यासही हीच अट लागू आहे. कारण डोक्याला मार बसलेला, किंवा एकाएकीं घाबरलेल्या दुसऱ्या माणसानें मिठी मारलेला पोहणारा हा न पोहणाऱ्याइतकाच असहाय असतो.

तिसरी ओळ उभें न राहण्याची. हिचें मर्म समजण्यास थोडें यंत्रशास्त्र लागतें. नाव एका बाजूस कलली कीं त्या बाजूचें पाणी तिला वर रेटतें व पुन्हा सरळ करूं पाहतें. नावेचा भार जितका खालीं असेल तितकें हें सरळ होणें सोपें; भार जितका वर चढेल तितकें कठीण. बसलेला माणूस उभा राहिला म्हणजे त्याचें वजन वाढत नाहीं, पण तें उंचावर जातें. एक उभा राहिला तर नाव डुगडुगते. चारजण एकदम उठून एका काठाकडे धांवले तर सरळ होण्याची तिची शक्तिच संपते.

या तत्त्वाचा भयंकर दाखला समुद्रांत नव्हे, तर शिकागो शहराच्या मध्यवस्तींतील नदींत मिळाला. त्याची पूर्वपीठिका अशी कीं, 1912 सालीं टायटॅनिक जहाज बुडालें, तेव्हां त्यावरील सुमारें 2,200 माणसांपैकीं निम्म्यांपुरत्याच सुटकेच्या होड्या होत्या असें आढळलें. त्यामुळें जगभर होड्या वाढविण्याची हाकाटी झाली आणि अमेरिकेंत 1915 च्या मार्चमध्यें तसा कायदाही झाला. ईस्टलंड नांवाची सरोवरांत चालणारी एक आगबोट होती. ती मूळचीच वरच्या भागांत जड. तिच्यावर त्याच वर्षीं आणखी सुटकेच्या होड्या व तराफे चढविण्यांत आले. 24 जुलै 1915 रोजीं सकाळीं एका कारखान्यांतील कामगार आपल्या कुटुंबांसह सहलीस जाण्यासाठीं तिच्यावर चढले. सुमारें 2,500 माणसें झालीं. आगबोट अद्याप धक्क्याला बांधलेली होती. ती प्रथम एका बाजूस कलली, मग दुसऱ्या बाजूस. आणि हळूहळू, जणुं अंग टाकावें तशी, आडवी झाली. पाणी वीस फूट खोल, धक्का हांकेच्या अंतरावर; तरीही 844 माणसें मेलीं. जीव वांचविण्यासाठीं केलेल्या नियमाची तरतूद जहाजाच्या तोलाचा हिशेब न करतां अंमलांत आली, तर तीच जीवघेणी ठरते, हा त्या दुर्घटनेचा धडा. पाणी उथळ आहे, किनारा जवळ आहे, या समजुतींत कांहीं राम नाहीं, हा दुसरा.

महाराष्ट्राला हा धडा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मिळाला. 17 जुलै 1947 रोजीं रामदास आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढ अमावास्येच्या सणासाठीं गांवीं जाणाऱ्यांची गर्दी होती. भर पावसाळा; बंदराबाहेर पडतांच वारा व पाऊस यांनीं जोर धरला. निघाल्यापासून तासाभराच्या आंतच काशाच्या खडकाजवळ आगबोटीवर मोठी लाट आदळली. एका बाजूनें पावसाचे सपकारे व लाटांचे तडाखे बसूं लागले, तसे भेदरलेले उतारू दुसऱ्या बाजूकडे सरकले. त्या भारानें तोल गेला, आणि आगबोट पाहतां पाहतां उलटली. 600 हून अधिक माणसें गेलीं. आगबोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नसल्यामुळें मुंबईला कित्येक तास या अनर्थाचा पत्ताही नव्हता. वाहून किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून ही बातमी शहरांत पोहोंचली. रेवसच्या बाजूनें मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळी बांधवांनीं आपला माल समुद्रांत टाकून होड्या रिकाम्या केल्या व पाण्यांत धडपडणाऱ्यांना वर घेतलें. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत आषाढाची ती अमावास्या पुढें पिढ्यान्‌पिढ्या सुतकाचा दिवस म्हणून आठवली गेली. पावसाळ्यांत समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला खुला, हा कोळ्यांचा जुना रिवाज म्हणजे निव्वळ भाविकपणा नव्हे, हेंही त्या दिवशीं अनेकांना उमगलें.

चौथी ओळ उजवीकडे वळण्याची. हिंदुस्थानांत जमिनीवर गाड्या डावीकडून जातात. पाण्यावर मात्र साऱ्या जगांत नावेनें उजवी बाजू धरावयाची. शिडाच्या जहाजांच्या काळीं वाऱ्याच्या दिशेवरून कोणी कोणास वाट द्यावी हें ठरत असे. वाफेचीं जहाजें आलीं तेव्हां तीं वाऱ्याला जुमानीनात, आणि जुना रिवाज लंगडा पडला. समोरासमोर येणारीं दोन जहाजें एकमेकांना चुकविण्यासाठीं दोन्ही एकाच बाजूस वळत व आदळत. अरुंद गल्लींत दोन माणसांची होते तशी ही गंमत, पण परिणाम जीवघेणा. इंग्लंडांत 1840 सालीं वाफेच्या जहाजांसाठीं प्रत्येकानें उजवीकडे वळावें, म्हणजे एकमेकांच्या डाव्या कुशी समोर येतील असा नियम घातला गेला, आणि 1846 सालीं त्याला कायद्याचें बळ मिळालें. 1863 सालीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं मिळून नियमांची संहिता तयार केली. इतर राष्ट्रांनीं ती उचलली. 1889 सालीं वॉशिंग्टन येथें परिषद भरली. आणि 1972 सालीं लंडन येथें झालेला करार 1977 पासून जगभर अंमलांत आला. डाव्या बाजूस तांबडा दिवा व उजव्या बाजूस हिरवा, ही खूणही याच परंपरेंतली. रात्रीं समोर तांबडा दिवा दिसला कीं नाविक ओळखतो, समोरच्या नावेची डावी कूस आपल्याकडे आहे.

तळ्यावर या संहितेचा अवतार अगदीं साधा होतो. प्रत्येकानें आपला किनारा उजव्या हातास ठेवून जावें. असें केलें म्हणजे साऱ्या होड्या घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें एकाच प्रवाहांत फिरतात व समोरासमोर येण्याचा प्रसंगच सहसा येत नाहीं. मागून येऊन पुढें जाणारानें पुढच्यास जपावें. आडवी नाव उजव्या हाताकडून येत असल्यास तिला वाट द्यावी. आणि यंत्राच्या नावेनें शिडाच्या नावेपासून दूर राहावें. एवढें पाळलें तरी तळ्यापुरतें पुष्कळ झालें.

पांचवी ओळ वेगाची. इंग्लंडांतील विंडरमियर या रम्य सरोवरावर 13 जून 1930 रोजीं सर हेन्री सीग्रेव्ह यानें ताशीं सुमारें 98 मैल वेगानें नाव हांकून पाण्यावरील वेगाचा जागतिक उच्चांक केला, आणि त्याच दिवशीं पुन्हा वेग घेत असतांना नाव उलटून तो मरण पावला. पाण्यावर तरंगणारा लांकडाचा ओंडका तिला लागला असावा, असें मानलें जातें. अशा वेगाचा नाद धरणारे थोडे. पण यंत्राच्या नावा स्वस्त झाल्या तशी मध्यम वेगाचीही बाधा वाढली. वेगवान नाव स्वतः सुखरूप निघून जाते. तिच्या मागें उठलेली लाट मात्र काठाजवळच्या लहान होडीला बुडवते, आणि पाण्यांत पोहणारा मुलगा नाव हांकणाऱ्यास दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. विंडरमियरवर या प्रश्नावर कित्येक वर्षें वाद चालला. वेगाच्या शौकिनांचें म्हणणें, सरोवर आमचेंही आहे. शांतता शोधणाऱ्यांचें म्हणणें, सरोवर प्रथम साऱ्यांचें आहे. अखेर ताशीं 10 मैलांची मर्यादा ठरली, वेगाच्या नावा बाळगणाऱ्यांना पर्याय शोधण्यास कांहीं वर्षांची मुदत देण्यांत आली, आणि 29 मार्च 2005 पासून मर्यादा लागू झाली.

हे सर्व नियम समुद्राचे, नद्यांचे, मोठ्या सरोवरांचे. तेथें कायदा आहे, निरीक्षक आहे, न्यायालय आहे. परंतु ज्या तळ्याचा मालक सरकार नसून एखादा क्लब, वसाहत किंवा रहिवाशांचें मंडळ आहे, तेथें काय? अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत न्यू जर्सीसारख्या प्रांतांत ओढ्यांना बांध घालून तळीं निर्माण करावींत, त्यांच्या काठचे भूखंड विकावेत व तळ्याची मालकी रहिवाशांच्या संस्थेकडे सोंपवावी, अशी प्रथा सुरू झाली. मध्यवर्ती सरकारच्या नौकानयनाच्या कायद्यांचा हात मुख्यतः नौगम्य जलमार्गांपर्यंत पोहोंचतो. चोहोंकडून बंद असलेल्या खाजगी तळ्यांवर शिस्त राखण्याचा बराचसा भार मालकसंस्थेच्या स्वतःच्या नियमांवर पडतो. म्हणून अशा संस्था प्रत्येक होडीची नोंद ठेवतात, लहान मुलांस जाकिटाची सक्ती करतात, यंत्राच्या शक्तीवर मर्यादा घालतात, अंधार पडल्यावर तळें बंद करतात, आणि नियम मोडणाऱ्या सभासदाचा होडी नेण्याचा हक्क कांहीं काळ काढून घेतात.

हिंदुस्थानांतही कायद्याची वाट अशीच हळू चालली. मुंबई इलाख्यांत तरींसाठीं 1868 सालीं कायदा झाला. अंतर्गत जलमार्गांवरील वाफेच्या नावांसाठीं 1917 सालीं सबंध देशाचा कायदा झाला. त्याचा रोख यंत्राच्या नावांवर होता. वल्ह्यांची होडी, पायांनीं फिरवावयाची नाव, बंद तळ्यावरची सहल, या गोष्टी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हत्या. 1917 च्या कायद्याची जागा 2021 सालीं नव्या कायद्यानें घेतली व यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही विचार त्यांत झाला. त्यापूर्वीं 2017 सालीं राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें नौकासुरक्षेविषयीं मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तथापि पाटी आणि धक्का यांच्यामध्यें जें अंतर असतें तें कागदानें भरून निघत नाहीं.

याचा दाखला बडोद्यास मिळाला. मराठी कुटुंबांशीं पिढ्यान्‌पिढ्यांचें नातें असलेल्या या शहरांत हरणी नांवाचें तळें आहे. 18 जानेवारी 2024 रोजीं एका शाळेचीं मुलें तेथें सहलीस गेलीं होतीं. दुपारची वेळ, संथ पाणी, जवळचा किनारा. होडींत ठरलेल्या संख्येपेक्षां अधिक माणसें बसविलीं गेलीं. अनेकांच्या अंगावर जाकिटें नव्हतीं. होडी उलटली. 12 मुलें व 2 शिक्षिका यांचा अंत झाला. प्लिमसॉलची रेषा त्या वेळीं जवळजवळ दीडशें वर्षांची झाली होती, आणि वॉर्डचें जाकीट 170 वर्षांचें. नवें असें कांहींच शिकावयाचें उरलें नव्हतें. होतें तें पाळावयाचें राहिलें होतें.

हा सारा इतिहास एकत्र पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. दुर्घटना घडते त्या क्षणीं धक्क्यावर नियम ठाऊक असणारा कोणी ना कोणी बहुधा हजर असतो. उणीव असते ती नाहीं म्हणण्याच्या अधिकाराची. व्हिट्बीच्या खलाशाला जाकीट घालण्यास कोणी आडकाठी केली नव्हती. न घालणाऱ्याला थांबविणारें मात्र कोणी नव्हतें. स्लोकमच्या निरीक्षकाला दाखला नाकारतां आला असता. तळ्यावरचा नावाडी हा तर गरीब माणूस. आणखी दोन मुलांना बसूं दे, पैसे जास्त घे, आम्हांला उशीर होतो आहे, असें चांगल्या कपड्यांतील गृहस्थानें म्हटलें कीं त्याची जीभ अडखळते. त्याचें नाहीं हें शेवटचें नाहीं असें जोंवर मालकसंस्था ठरवीत नाहीं, आणि त्यासाठीं त्याची मजुरी बुडणार नाहीं अशी व्यवस्था करीत नाहीं, तोंवर पाटीवरच्या रंगाला अर्थ नाहीं.

म्हणून ज्या वसाहतीला किंवा क्लबाला स्वतःचें तळें आहे, तिनें करावयाच्या गोष्टी फार थोड्या आहेत, आणि महागही नाहींत. प्रत्येक होडीवर माणसांचा आंकडा ठळक रंगवावा व तो मुलांसकट मोजावा. दर हंगामाच्या आरंभीं सर्व जाकिटें प्रत्यक्ष पाण्यांत टाकून पाहावींत. जें तरंगत नाहीं तें फाडून टाकावें, म्हणजे तें पुन्हा खुंटीवर जाणार नाहीं. लहानांच्या मापाचीं जाकिटें वेगळीं ठेवावींत. सुटकेची एक होडी व एक पोहणारा माणूस धक्क्यावर तयार असावा. वारा सुटला, ढग दाटले किंवा सूर्य मावळला कीं फेरी बंद करावी. होडी उलटलीच तर किनाऱ्याकडे पोहूं न लागतां होडीलाच धरून राहावें, कारण उलटलेली होडी बहुधा तरंगत असते व दुरून दिसते, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें. आणि नावाड्यानें नाहीं म्हटलें तर सभासदानें, मग तो संस्थेचा अध्यक्ष कां असेना, होडींतून उतरावें.

घरांतील वडील माणसें सहलीच्या आदल्या रात्रीं डबे, पाण्याच्या बाटल्या, पांघरुणें यांची यादी करतात. त्या यादींत आणखी एका ओळीची भर घातली तर तिला खर्च कांहीं नाहीं. धक्क्यावर पोहोंचल्यावर प्रथम पाटी वाचावी, मग माणसें मोजावींत, मग जाकिटांचे बंद आपल्या हातानें बांधावेत, आणि मगच होडींत पाय ठेवावा.